भिंतीवरचं चित्र आणि जमिनीतली वस्ती: दक्षिणेकडच्या आफ्रिकेबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं पाहून झाली, आता जोहान्सबर्गला बहिणीकडे जायचा योग आहे. तिकडची शैलचित्रं खरंच सत्तर हजार वर्षांपूर्वीची आहेत का? ती कुणी काढली? त्यांचा अर्थ लागलाय का? तिथल्या दगडी वस्त्या भारतातून गेलेल्या लोकांनी बांधल्या असा जो मजकूर फिरतो, त्यात काही तथ्य आहे का? आणि थोड्या दिवसांत काय पाहावं?

हे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण या कामात वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालंय की घोटाळा सगळीकडे एकच आहे. भिंतीवरचं चित्र आणि त्याच भिंतीच्या पायथ्याशी पुरलेली वस्ती एकाच माणसांची, एकाच काळातली असं आपण न विचारता धरून टाकतो. दक्षिणेकडच्या आफ्रिकेत असं धरणाऱ्याची हमखास फसगत होते. दक्षिण आफ्रिकेनं चहूबाजूंनी वेढलेल्या लेसोथो या लहान देशातला सेहोंगहोंग हा शैलाश्रय घ्या. तिथे जमीन खणत गेलं की माणसाच्या वावराचे थर 50 हजार वर्षांच्याही मागे जातात. वर भिंतीवर पावसाच्या जनावराला (पाऊस ज्याच्या रूपात येतो असं मानलेल्या प्राण्याला) दोरीनं ओढत नेणारी माणसं रंगवलेली आहेत, आणि ती मात्र बरीच अलीकडची. छप्पर एकच, पण खाली राहून गेलेले आणि वर रंगवणारे यांच्यामध्ये हजारो वर्षांचं अंतर असू शकतं.

सत्तर हजारांचा आकडा खोटा नाही, तो भलत्या चित्रांना चिकटवला जातो. केप टाउनच्या पूर्वेला साधारण 300 किलोमीटरवर समुद्राकाठी ब्लोम्बोस नावाची लहानशी गुहा आहे. ख्रिस्तोफर हेन्शिलवुड आणि त्यांचे सहकारी तिथे अनेक वर्षं उत्खनन करत आहेत. 2018 मध्ये त्यांनी जी वस्तू प्रसिद्ध केली ती चार सेंटीमीटरही भरत नाही: सिलक्रीट नावाच्या दगडाची एक ढलपी, तिच्यावर गेरूच्या टोकदार खड्यानं ओढलेल्या नऊ लाल रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. वय 73,000 वर्षं. ढलपीच्या कडेला या रेघा एकदम तुटतात, म्हणजे मूळ रेखाटन मोठ्या दगडावर होतं आणि हा त्याचा फुटलेला तुकडा. याच गुहेत एक लाख वर्षं जुन्या थरात समुद्री गोगलगाईच्या मोठ्या शिंपल्यांत कालवलेला गेरूचा रंग सापडला, शेजारी वाटण्याचे दगड आणि त्यात मिसळलेला हाडांचा व कोळशाचा अंश. पश्चिम किनाऱ्याजवळच्या डीपक्लूफला शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांवर कोरलेल्या नक्ष्या मिळाल्या, त्या सुमारे 60 हजार वर्षांपूर्वीच्या. डीपक्लूफ, पिनॅकल पॉइंट आणि सिबुडू ही तीन स्थळं 2024 मध्ये मिळून जागतिक वारसा यादीत गेली.

यातलं एकही भिंतीवरचं चित्र नाही. सगळं जमिनीत, थरात गाडलेलं होतं, म्हणून तर त्याचं वय सांगता येतं. व्हॉट्सॲपवर या आकड्याशेजारी एलँड या मोठ्या कुरंगाच्या रंगीत कळपाचा फोटो लावतात, तो शेकडो किलोमीटर दूरच्या, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या ड्रॅकन्सबर्ग डोंगरातला असतो.

मग ओळखू येणारं पहिलं प्राणिचित्र कुठलं? नामिबियाच्या दक्षिण टोकाला हुन्स डोंगरात वोल्फगांग वेण्ट नावाचे जर्मन पुरातत्त्वज्ञ 1969 च्या जुलैत खणत होते. चंद्रावरून अपोलो 11 परतल्याची बातमी तिथे पोचली आणि त्यांनी गुहेला तेच नाव दिलं. तिथे प्राणी रंगवलेल्या दगडी पाट्या निघाल्या. एका पाटीचा अर्धा भाग 1969 मध्ये आणि उरलेला 1972 मध्ये सापडला आणि दोन्ही एकमेकांना बरोबर जुळले. ज्या थरात त्या होत्या त्यातल्या कोळशावरून वय 27 हजार वर्षांच्या आसपास किंवा थोडं जास्तच येतं. आफ्रिकेतल्या प्राणिचित्रांचा हा सर्वांत जुना पक्का पुरावा म्हणतात. पण याही हातात धरता येतील अशा सुट्या पाट्या. गुहेच्या भिंतीतून निखळून पडलेल्या नव्हेत, तर कुणीतरी मुद्दाम आणून ठेवलेल्या.

भिंतीवरच्या रंगाचं थेट वय काढणं फार कटकटीचं काम आहे. कार्बन-14 पद्धतीला सेंद्रिय कार्बन लागतो. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, पांढरा रंग म्हणजे माती किंवा जिप्सम. त्यांत मोजायला काही नाही. काळा रंग कोळशाचा किंवा काजळीचा असेल तरच काही आशा, आणि तिथेही दगडावर नंतर चढलेल्या क्षारांतला कार्बन मिसळला की आकडा बिघडतो. आदेल्फिन बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी प्रत्येक रंगाची घडण तपासून, मगच टाचणीच्या डोक्याएवढे नमुने घेऊन 2017 मध्ये बऱ्याच तारखा एकदम प्रसिद्ध केल्या. त्यांतली सर्वांत जुनी आग्नेय बोट्स्वानातली, सुमारे 5,700 वर्षं. ड्रॅकन्सबर्गच्या बाजूला हे आकडे साधारण 3,000 वर्षांपासून पुढे येतात. चित्रं काढण्याची परंपरा त्यानंतर थेट 19 व्या शतकापर्यंत चालली. याचा अर्थ दहा-वीस हजार वर्षांपूर्वी कुणी भिंती रंगवल्याच नाहीत असा मुळीच नाही. तिथला वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटतो. ओल, क्षार, थंडीतला बर्फ सगळं मिळून भिंतीची कातडीच काढून टाकतं. जुनं होतं ते गेलं असेल. आपल्याला दिसतं ते टिकलेलं, सगळं काढलेलं नव्हे.

कातळशिल्पांच्या बाबतीतही आपली अडचण नेमकी हीच आहे. जांभ्यात कोरलेल्या रेघेत मोजायला काहीच नसतं. कोकणच्या सड्यावर गेंडा दिसतो म्हणून तो गेंडा तिथे असण्याच्या काळातला, इथवर अंदाज बांधता येतो. त्यापुढे वर्षांचा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याला तो कशावरून काढला हे जरूर विचारा.

आता ही चित्रं कुणी काढली ते. ड्रॅकन्सबर्ग, सीडरबर्ग, झिंबाब्वेतल्या माटोबो टेकड्या, इथली बारीक कुंचल्याची चित्रं शिकारी-संकलक सान लोकांच्या पूर्वजांची. पण सगळी आफ्रिकी शैलचित्रं सान लोकांच्या नावावर टाकणं हीसुद्धा एक सोयीची चूक आहे. बोट्स्वानाच्या वायव्य कोपऱ्यात, कालाहारीच्या सपाटीवर त्सोडिलो टेकड्या उभ्या आहेत. दहा चौरस किलोमीटरांत 4,500 हून जास्त चित्रं, 2001 पासून जागतिक वारसा. तिथे लाल चित्रं आणि पांढरी चित्रं असे दोन सरळ गट पडतात. लाल रंगात वन्य प्राणी आणि भौमितिक आकृत्या; पांढरी चित्रं बोटानं फासलेली, ओबडधोबड, आणि साधारणपणे नंतरची, बांटू भाषा बोलणाऱ्या गुराखी-शेतकऱ्यांची मानली जातात. त्याच टेकडीवर दिवुयू आणि न्कोमा या दोन वस्त्या खणल्या गेल्या आहेत, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातल्या. गुरं पाळणारे, लोखंड-तांबं घडवणारे लोक. न्कोमाला तर दूरच्या किनाऱ्यावरून आलेले काचेचे मणी मिळाले. पांढरी चित्रं वाचताना ही वस्ती डोक्यात हवी. लाल चित्रांना ती लावायला गेलात की चुकलात.

मलावीतल्या चोंगोनीला तर आणखीच वेगळं आहे. तिथल्या 127 स्थळांमध्ये चेवा समाजातल्या बायकांनी काढलेली पांढरी चित्रं आहेत आणि मुली वयात येतानाच्या विधींशी त्यांचं नातं आहे. ही परंपरा विसाव्या शतकातही चालू होती. त्या चित्रांचा अर्थ परिषदेत बसून लावण्यापेक्षा गावातल्या वयस्कर बायकांना विचारावा. अर्थात त्या सांगतील तेवढाच, कारण तो सगळ्यांना सांगायचा नसतोच.

अर्थाचा प्रश्न सान चित्रांपुरता बघू, कारण जगात इतर कुठे क्वचितच मिळतं असं एक साधन इथे हाती आहे: चित्रं काढणाऱ्यांच्या जगातल्या माणसांचे शब्द. विल्हेल्म ब्लीक हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ आणि त्याची मेहुणी ल्युसी लॉइड यांनी 1870 पासून केप टाउनमध्ये खाम भाषा बोलणाऱ्या सान माणसांकडून त्यांच्या गोष्टी, विधी, पावसाबद्दलच्या समजुती उतरवून घेतल्या. ही माणसं ब्रेकवॉटर तुरुंगातले कैदी होती. बोअर (डच वंशाच्या) वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी त्यांची माणसं मारली होती, शिकारीच्या जमिनी गेल्या होत्या, आणि उपाशीपोटी जनावर चोरलं म्हणून शिक्षा झाली होती. त्यांतले काही पुढे ब्लीकच्याच घरी येऊन राहिले. 1875 मध्ये ब्लीक गेल्यावरही लॉइडनं काम सोडलं नाही. बारा हजारांहून जास्त पानं भरली. आज खाम भाषा बोलणारं कुणी उरलेलं नाही, वह्या आहेत.

याच सुमाराला, 1873 मध्ये, जोसेफ ऑर्पेन हा ब्रिटिश अधिकारी लेसोथोच्या मालोती डोंगरातून जात असताना त्याच्याबरोबर चिंग नावाचा एक तरुण सान वाटाड्या होता. सेहोंगहोंगसकट काही ठिकाणची चित्रं ऑर्पेननं उतरवून घेतली आणि चिंगला विचारलं, ही हरणाच्या डोक्याची माणसं कोण? चिंग म्हणाला, ही मेलेली माणसं, आता नद्यांमध्ये राहतात. एलँड बिघडले त्याच वेळी हीही बिघडली, त्या नाचामुळे. ऑर्पेनला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याच्या नकला केप टाउनला गेल्या, तिथे द्याक्वेन या खाम माणसाला दाखवल्या, तर त्यानं सेहोंगहोंगचं जनावर पाहून पावसाच्या जनावराला जादूगार ओढून नेत आहेत असं सांगितलं. शेकडो किलोमीटर दूर राहणारी, एकमेकांना कधीही न भेटलेली ही दोन माणसं.

शंभर वर्षांनी डेव्हिड लुइस-विल्यम्स या दक्षिण आफ्रिकी पुरातत्त्वज्ञांनी या वह्या आणि कालाहारीतल्या सान लोकांचे प्रत्यक्ष पाहिलेले नाच शेजारी ठेवून चित्रं वाचली. कालाहारीत बायका टाळ्या धरतात, गातात, पुरुष गोल नाचत राहतात. तासन्‌तास. मग एखादा वैदू थरथरायला लागतो, वाकतो, नाकातून रक्त येतं, कोसळतो. त्याला ते मरण म्हणतात. त्या अवस्थेत तो दुसऱ्या जगात जाऊन आजार काढतो, पाऊस आणतो. आपल्याकडे अंगात येणं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

क्वाझुलु-नाताळमधल्या कामबर्गचा गेम पास शैलाश्रय या वाचनाची किल्ली ठरला. तिथे जाल तेव्हा भिंतीसमोर निदान अर्धा तास नुसते बसा. बाकी कळप आधी सोडून द्या, डावीकडे-उजवीकडे नजर फिरवत बसू नका, एकच जोडी शोधा: मरणारा एलँड आणि त्याची शेपटी धरलेला माणूस. एलँड म्हणजे आफ्रिकेतलं सर्वांत थोराड कुरंग, वजनाला बैलाच्या वरचढ. विषारी बाणानं तो मरायला लागला की मान खाली जाते, अंगावरचे केस उभे राहतात, मागचे पाय एकमेकांत अडकतात. चित्रकारानं हे सगळं टिपलंय. मान पडलेली, मानेवरचे केस ताठ, मागचे पाय एकमेकांवर आलेले. आता त्या माणसाचे पाय पाहा. तेही तसेच एकमेकांवर. आणि त्या पायांना पावलं नाहीत, खूर आहेत. जनावराचं मरण आणि नाचणाऱ्या वैदूचं मरण एकाच रेषेत मांडलंय. हे पाहिल्यावर शिकारीचं साधं चित्र म्हणून पुढे जाता येत नाही.

तरीही माझं स्वतःचं मत सांगतो. हे वाचन गेम पासला, आणि ड्रॅकन्सबर्गमधल्या बऱ्याच भिंतींना, पटण्यासारखं आहे. पण गेल्या चाळीसेक वर्षांत प्रत्येक ठिपका, प्रत्येक वाकडी रेघ समाधीतला भास म्हणून खपवायची जी सवय लागली ती मला मान्य नाही. खाम लोक करूच्या कोरड्या पठारावरचे. तिथे प्रामुख्यानं कोरलेली शिल्पं आहेत, रंगवलेल्या भिंती नव्हेत. एका प्रदेशातल्या माणसाचे शब्द दुसऱ्या प्रदेशातल्या चित्राला लावताना थोडा संकोच हवा. किंबर्लीजवळ रिट नदीच्या पात्रात ड्रिकॉप्स आयलंड म्हणून एक जागा आहे. हिमनदीनं घासून गुळगुळीत केलेल्या खडकावर साडेतीन हजारांहून जास्त आकृत्या कोरल्यात आणि त्यांतल्या बहुतेक भौमितिक: वर्तुळं, जाळ्या, सूर्यासारख्या. नदीला पाणी आलं की त्या बुडतात, ओसरलं की वर येतात. हे पाणी आणि पावसाशी जोडून बघणारं, किंवा मुली वयात येण्याच्या विधीशी जोडणारं वाचन मला जास्त ओढतं. ते सान लोकांचं की मेंढरं-गुरं पाळणाऱ्या खोईखोईंचं यावर अभ्यासकांत वाद आहेच.

रंग कसा बनवायचे याबद्दल एकच धागा हाती आहे, पण भक्कम. 1930 च्या सुमाराला लेसोथोत मॅरियन हाउ या बाईंना मापोते नावाचा तिथल्या फुथी जमातीचा एक म्हातारा माणूस भेटला, तरुणपणी सान नातलगांबरोबर गुहेत चित्रं काढलेला. रंगवून दाखवा म्हटल्यावर त्यानं ताज्या मारलेल्या एलँडचं रक्त मागितलं. शिळं चालत नाही, गोठतं आणि रंग दगडात मुरत नाही, म्हणाला. सगळ्या चित्रांत रक्त होतं असं यावरून म्हणता येणार नाही. पण ज्या जनावराचं चित्र त्याचंच रक्त रंगात, ही गोष्ट कळल्यावर तुम्ही त्या भिंतीकडे वेगळं पाहाल.

आणि घोडे चुकवू नका. ड्रॅकन्सबर्गच्या काही भिंतींवर टोप्या घातलेले, बंदुका घेतलेले घोडेस्वार आहेत, हाकून नेलेली गुरं आहेत. 19 व्या शतकात गुरांच्या पळवापळवीच्या काळातली ही चित्रं. ती पाहताना पर्यटकांची जरा निराशा होते, त्यांना जुनं हवं असतं. माझ्या मते मात्र त्या भिंती सर्वांत मोलाच्या, कारण चित्रकार कुठल्या काळात उभा होता हे तिथे नक्की ठाऊक आहे.

आता दगडी वस्त्या आणि भारताचा प्रश्न. या प्रदेशात बाहेरच्यांनी येऊन बांधलं हा सिद्धांत दीडशे वर्षं चालतोय, फक्त बाहेरचे कोण ते बदलत गेलं. ग्रेट झिंबाब्वेचे अवशेष 1871 मध्ये पाहून कार्ल माउख यानं त्यांचा संबंध बायबलमधल्या शेबाच्या राणीशी जोडला. पुढे रिचर्ड हॉल नावाच्या माणसानं तिथले स्थानिक वस्तीचे थर कचरा समजून उपसून टाकले, म्हणजे ज्या मातीत उत्तर होतं तीच फेकली. 1905 मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि 1929 मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनी खणून दाखवलं की बांधणारे आफ्रिकीच. 11 ते 15 व्या शतकातलं शोना लोकांच्या पूर्वजांचं हे नगर. मोठ्या आवाराची भिंत अडीचशे मीटर घेराची, काही ठिकाणी 11 मीटर उंच, आणि चुन्याचा थेंब न वापरता रचलेली. कोकणातल्या माणसानं ती पाहिली तर आपला गडगाच, फक्त दोन-तीन मजले उंच, असं म्हणेल. तरी ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला हे उत्तर पचत नव्हतं. पुराणवस्तू खात्यातले पीटर गार्लेक यांना दबावामुळे 1970 मध्ये देश सोडावा लागला.

चित्रांचंही तेच झालं. नामिबियातल्या ब्रँडबर्ग डोंगरात राइनहार्ट माक यांना एक पांढऱ्या पायांची, हातात फूल किंवा पेला धरल्यासारखी आकृती दिसली. फ्रान्सचे आबे ब्रॉय, तेव्हाचं या विषयातलं सर्वांत मोठं नाव, त्यांनी ती भूमध्य समुद्राकडून आलेली गोरी बाई ठरवली. 'व्हाइट लेडी' हे नाव अजून तसंच आहे. ती बाई नाही, गोरी नाही. धनुष्यबाण घेतलेला स्थानिक पुरुष आहे, बहुधा वैदू, अंगाला पांढरा रंग लावलेला.

भारताचा जो मजकूर फिरतो तो बहुतेक म्पुमालांगा प्रांतातल्या बोकोनी वस्त्यांबद्दलचा. ओरिगस्टॅडपासून कॅरोलिनापर्यंत डोंगरउतारावर दगडी वर्तुळं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि गुरांसाठी दोन्हीकडून बांधलेल्या वाटा पसरल्यात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एका इतिहासकारानं भारतातून सोन्यासाठी आलेल्या लोकांनी ही देवळं बांधली असं मांडलं. त्याच भागातल्या एका दगडी वर्तुळाला 'आदमचं कॅलेंडर' म्हणून 75 हजार किंवा त्याहूनही जास्त वर्षांचं वय चिकटवणारेही आहेत. आपल्याला हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याला आधार नाही. खापरं, शेणाचे थर, कार्बन-14 आणि तिथे राहणाऱ्या कोनी लोकांच्या स्वतःच्या आठवणी, सगळं 1500 ते 1820 च्या दरम्यान इथल्याच शेतकरी-गुराख्यांकडे बोट दाखवतं. शिवाय लायडनबर्गजवळ बूमप्लाट्सला खडकांवर या वस्त्यांचे नकाशेच कोरलेले आहेत. मधे गोठ्याचं वर्तुळ, भोवती घरांची कडी, आणि बाहेरून गोठ्यात शिरणारी गुरांची वाट. खडकावरची आकृती आणि माळावरचा अवशेष समोरासमोर ठेवून जुळवता येतात. चित्र आणि वस्ती एकाच लोकांची, हे इथे जुळवून दाखवता येतं, आणि नेमकं इथेच लोक तिसऱ्याच कुणाला श्रेय देतात.

भारताचा खरा धागा वेगळा आहे आणि तो एवढ्याशा मण्याचा आहे. लिंपोपो नदीकाठच्या मापुंगुब्वे राज्यात, 13 व्या शतकात, हजारो काचेचे मणी आले. त्यांतल्या काही मण्यांच्या काचेची रासायनिक घडण दक्षिण आशियाकडे जाते. सोनं आणि हस्तिदंत किनाऱ्याकडे, कापड आणि मणी आत. रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या उत्खननात, डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांच्या कामातून, मिळालेल्या काचेची घडण आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेल्या काही मण्यांची घडण जुळते. पण मणी पोचला म्हणजे माणूस राज्य करायला पोचला असं होत नाही. मापुंगुब्वेजवळच्या के-2 या आधीच्या वस्तीत तर लोकांनी परदेशी बारीक मणी वितळवून मातीच्या साच्यांत आपल्याला हवे तसे जाडजूड नवे मणी ओतले. आयात मालाला जुमानणारी ही माणसं दिसत नाहीत.

आता प्रवासाचं. जोहान्सबर्गमध्ये विट्‌वॉटर्सरँड विद्यापीठाचं ओरिजिन्स सेंटर आधी बघा, म्हणजे पुढच्या भिंतींवर काय शोधायचं ते कळेल. मग दोन-तीन दिवस असतील तर कामबर्ग. गाडीनं पाच-सहा तास, आणि गेम पासला गाइडशिवाय सोडत नाहीत, चढही आहे. मे ते ऑगस्ट हा कोरडा हंगाम बरा. तिकडच्या उन्हाळ्यात (नोव्हेंबर ते फेब्रुवारी) दुपारनंतर वीज-पाऊस ठरलेला, आणि उघड्या डोंगरावर वीज ही थट्टा नव्हे. किंबर्लीकडे गेलात तर वाइल्डबीस्ट कूल पाहा, ती जमीन आज सान समाजातल्याच लोकांच्या मालकीची आहे.

फोटोला फ्लॅश नको. घरी येऊन डी-स्ट्रेच हे सॉफ्टवेअर वापरा, डोळ्याला न दिसणारे लाल रंग त्यात उठून येतात. कोकणातल्या गुहांत कुठे रंग असेल तर तिथेही उपयोगी. भिंतीला हात लावायचा नाही हे सांगायला नको, पण पाठीवरची सॅक घासते तिकडे लक्ष ठेवा आणि पायानं धूळ उडवू नका. आणि पाणी! चित्र उजळ दिसावं म्हणून लोक बाटलीतलं पाणी मारतात, सोडासुद्धा मारतात. ब्रँडबर्गची व्हाइट लेडी अशीच फिकट होत गेली, शेवटी कुंपण घालावं लागलं. माटोबोतल्या पोमोंग्वे गुहेत तर जतन करायला निघालेल्यांनीच तेल फासलं आणि आता तिथे तपकिरी डाग उरलाय. बरीच स्थळं खाजगी शेतांवर आहेत. मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नका आणि फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश टाकू नका. दक्षिण आफ्रिकेत 1999 च्या वारसा कायद्यानुसार चित्रांना इजा करणं गुन्हा आहे.

मापुंगुब्वेला जायचं तर मुसिनाच्या बाजूला, झिंबाब्वेच्या सीमेलगत, एक मुक्काम धरा. टेकडीवर फक्त गाइडबरोबर सोडतात, जागा आधी राखून ठेवा. सोन्याचा पत्रा मढवलेला जो छोटा गेंडा फोटोंत पाहिला असेल तो तिथे मिळणार नाही. तो प्रिटोरिया विद्यापीठाच्या संग्रहात आहे, जोहान्सबर्गहून तासाभराच्या रस्त्यावर, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी उरकता येईल.